खारा मासा, डॅनिश भाषा आणि घराची अब्रू

ऐरारबाक्की हे आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक गाव. १७६५ साली तिथे डॅनिश व्यापाऱ्यासाठी एक घर उभं राहिलं. लाकूड जहाजातून आणलं, कारण बेटावर बांधकामाजोगं झाड उरलेलंच नव्हतं. ते घर आजही आहे, आत लोकजीवनाचं संग्रहालय आहे, आणि त्याचं नाव आहे ‘हूसिद’. अर्थ एवढाच की ‘घर’. आसपासची माणसं काही उघड्यावर झोपत नव्हती. पण मुळांसकट कापलेल्या गवताच्या लाद्या आणि दगड रचून केलेल्या, छपरावर गवत उगवलेल्या, अर्ध्या जमिनीत शिरलेल्या त्यांच्या खोपटांची या लाकडी वास्तूपुढे गणतीच नव्हती. गावात घर एकच, मग त्याला वेगळं नाव कशाला?

हा तपशील डोक्यात ठेवून ‘उंगफ्रूइन गोदा ओग हूसिद’ हा १९९९ सालचा आइसलँडिक चित्रपट पाहावा. नावाचा अर्थ ‘ती गुणी कुमारी आणि घर’. परदेशात तो ‘घराची अब्रू’ अशा अर्थाच्या नावाने गेला, आणि त्या वर्षी ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या स्पर्धेसाठी आइसलँडने हाच चित्रपट पाठवला. नामांकन काही मिळालं नाही. कथा हाल्डोर लाक्सनेस यांची, १९३३ साली प्रसिद्ध झालेली. दिग्दर्शिका गुड्नी हाल्डोर्सडोत्तिर या त्यांच्याच कन्या. लाक्सनेस फेब्रुवारी १९९८ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी मुलीचा हा चित्रपट आला.

गोष्ट थोडक्यात अशी. विसाव्या शतकाच्या तोंडावरचं एक छोटं मासेमारीचं गाव. तिथल्या वरिष्ठ पाद्र्याच्या दोन मुली. थोरली गावातल्या पहिल्या घराची मालकीण. धाकटीला कोपनहेगनला पाठवतात, चार गोष्टी शिकून येईल, वळण लागेल म्हणून. तिथे तिला लग्नाआधी दिवस जातात. मग घराची अब्रू राखण्यासाठी थोरली बहीण पुढे होते आणि आई व मूल यांची ताटातूट घडवते. प्रेमळपणाने, काळजीने, अगदी नीटनेटकेपणाने. पुढचं सांगत नाही.

मराठी प्रेक्षकाला हे वाचून वाटेल की यात नवीन ते काय? कुमारी माता, लोकलज्जा, कठोर थोरली बहीण: आपल्याकडच्या कादंबऱ्यांनी आणि कृष्णधवल चित्रपटांनी हे कितीदा तरी दाखवलं आहे. मात्र या गोष्टीला आइसलँडच्या जमिनीवर ठेवून पाहिलं की एक विचित्र गाठ समोर येते. लग्नाबाहेर मूल होणं ही त्या देशात दुर्मीळ घटना नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात तिथे जन्मणाऱ्या दर दहा मुलांमागे एकापेक्षा जास्त मुलं लग्नाबाहेरची असत. युरोपातल्या इतर बऱ्याच देशांपेक्षा हे प्रमाण मोठं होतं. शेतावरच्या मोलकरणीला मूल झालं तर गाव कुजबुजत असेल, पण आभाळ कोसळत नव्हतं. मग या एका घरावरच ते का कोसळावं?

याचं उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा त्या गावाच्या अर्थव्यवस्थेत जास्त सापडतं, असं मला वाटतं.

आधी मुलांचं प्रमाण इतकं मोठं का होतं, ते पाहू. आइसलँडमध्ये शतकानुशतकं एक नियम होता. ज्याच्याकडे स्वतःची किंवा खंडाने घेतलेली जमीन नाही, त्याने कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने चाकरीला राहायलाच हवं. मोकळं राहून मिळेल ते काम करण्याची मुभा नव्हती. चाकरीतल्या माणसाला स्वतःचा संसार कुठून मांडता येणार? लग्न म्हणजे जमीन, आणि जमीन तर ठरावीकच. परिणामी माणसं तिशी ओलांडेपर्यंत, कित्येकदा आयुष्यभर, बिनलग्नाची राहत. एकाच लांबट खोलीत घरातली सगळी माणसं, मालक आणि चाकर, रात्री झोपत. अशा परिस्थितीत मुलं लग्नाची वाट पाहत थांबत नाहीत.

कायद्याने मात्र याकडे एके काळी फार क्रूरपणे पाहिलं होतं. १५६४ चा ‘स्टोरिडोमूर’, म्हणजे ‘महान्याय’, लैंगिक गुन्ह्यांसाठी मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षा सांगत असे. थिंग्वेलिर इथे जुनी संसद भरायची, तिथल्या नदीतल्या एका डोहात दोषी ठरलेल्या बायकांना बुडवून मारत. त्या डोहाचं नावही बुडवण्यावरूनच पडलेलं आहे आणि आज पर्यटक त्याच्या काठावर उभे राहून फोटो काढतात. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही दहशत संपली होती. उरला तो पैशाचा प्रश्न: मुलाला पोसायचं कोणी? आईबापांना जमलं नाही, तर भार गावावर. मग गाव अशा मुलाला, किंवा एखाद्या निराधार म्हातारीला, जो शेतकरी सगळ्यात कमी मोबदल्यात सांभाळायला तयार होईल त्याच्या हवाली करी. लिलावच तो, फक्त उलटा, सर्वांत कमी बोली जिंकणारा. आइसलँडच्या साहित्यात ‘गावावर पडलेली’ ही माणसं जागोजागी भेटतात.

तर गरिबाघरी अनौरस मूल हा खर्चाचा विषय होता. अब्रूचा विषय होण्यासाठी आधी अब्रू नावाची मालमत्ता लागते, आणि ती त्या काळात एका नव्याच जागी तयार होत होती. ती जागा म्हणजे मासेमारीचं गाव.

आइसलँड म्हटलं की आपल्याला मासेमारीची गावं अनादि काळापासून असतील असं वाटतं. मासेमारी जुनीच, पण गावं नवी. देश मेंढपाळांचा आणि शेतकऱ्यांचा. हिवाळ्यात शेतावरचे गडी किनाऱ्याला जात, सहा किंवा आठ वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून कॉड मासा मारत आणि ११ मेला हंगाम संपला की पुन्हा शेतावर. किनाऱ्याला वर्षभर वस्ती करून राहणारी माणसं वाढू नयेत अशीच जमीनदारांची इच्छा, कारण मग शेतावर राबायला कोण उरणार? १८९४ च्या कायद्याने चाकरीचं बंधन बरंच सैल झालं. १९०२ साली वायव्येकडच्या ईसाफ्योर्दूर इथे ‘स्टॅनली’ नावाच्या सहा वल्ह्यांच्या होडीला इंजिन बसवलं गेलं, जेमतेम दोन अश्वशक्तीचं. देशातली ती पहिली मोटारबोट. १९०७ मध्ये ‘योन फोर्सेती’ हा आइसलँडिक मालकांनी स्वतःसाठी बांधून घेतलेला पहिला वाफेचा ट्रॉलर आला. माणसं किनाऱ्याकडे लोटली. १९०१ साली सगळ्या देशाची लोकसंख्या सुमारे ७८ हजार आणि राजधानी रेक्याविकची साडेसहा-सात हजार. १९२० पर्यंत रेक्याविक साडेसतरा हजारांच्या पुढे गेलं. चित्रपटातलं गाव या उलथापालथीच्या उंबरठ्यावरचं आहे.

या गावांचा सगळा डोलारा एका मालावर उभा होता: खारवलेला, वाळवलेला कॉड. मासा साफ करायचा, मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडायचा, पाठीचा बराचसा काटा काढायचा, धुवायचा आणि मिठाच्या थरांत रचून ठेवायचा. मीठ स्पेनसारख्या दक्षिणेकडच्या देशांतून जहाजाने यायचं, आणि तोच मासा खारट होऊन उलट वाटेने स्पेन-पोर्तुगालच्या बाजारात जायचा. खारवल्यानंतर पुन्हा धुवून तो उन्हात वाळवायचा. यासाठी किनाऱ्यावर दगडगोट्यांचे प्रचंड फरसबंद माळ केलेले असत. हे काम बायकांचं आणि मुलांचं. ऊन पडलं की बोलावणं जायचं, सगळ्या येऊन मासा पसरायच्या. वळवाचे ढग दिसताच आपल्याकडे गच्चीवरची वाळवणं गोळा करायला धावतात तसं आभाळ भरून आलं की धावत जाऊन त्याच्या राशी करून झाकायच्या. फरक इतकाच की तिथे ढग रोजचेच आणि वाळवण टनांनी. मासा पुरता वाळायला अनेक आठवडे लागत. गार पाण्यात उभं राहून मासा धुण्याने हातांना भेगा पडत, मिठाने त्या चिघळत. मजुरी पुरुषांपेक्षा बरीच कमी.

या माशाचं वजन किती होतं याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९०३ पर्यंत डॅनिश राजाच्या अमलाखालच्या आइसलँडचं राजचिन्हच मुळी कॉड मासा होतं, डोक्यावर मुकुट घातलेला. पुढे १९१५ मध्ये देशात पूर्ण दारूबंदी लागू झाली, जनमत घेऊन, मोठ्या नैतिक उत्साहात. सात वर्षांत स्पेनने बजावलं की आमची वाइन घेणार नसाल तर तुमच्या खाऱ्या माशावरची जकात वाढेल. १९२२ मध्ये आइसलँडने वाइनपुरती दारूबंदी उठवली. बिअर मात्र १ मार्च १९८९ पर्यंत बंदच राहिली. स्पेनला बिअर विकायची नव्हती ना!

आता या मालाच्या वाटेवर बसला होता तो व्यापारी. १६०२ ते १७८७ आइसलँडचा सगळा व्यापार डॅनिश राजाने नेमलेल्यांच्या मक्तेदारीत होता. नंतर तो राजाच्या सर्व प्रजाजनांना खुला झाला, आणि इतर देशांना तर थेट १८५५ मध्ये. मक्तेदारी कागदावरून गेली तरी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात दुकान बहुधा एकच उरलं. मच्छीमार आपला मासा तिथेच घालणार आणि धान्य, कॉफी, साखर, दोर, गळ तिथूनच उचलणार. रोकड हाती येतच नसे. व्यापाऱ्याच्या चोपडीत एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. दोन्ही बाजूंचे भाव व्यापारीच ठरवणार. वर्षअखेर बहुतेकांच्या नावावर उरायची ती बाकी. आपल्या वाचकाला सावकाराची वही समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे गावातल्या पहिल्या घराला लागणारं सगळं त्या चोपडीतून निघत होतं. लाकूड नॉर्वेहून, पत्रे इंग्लंडहून, कापड, चिनी मातीची भांडी आणि पियानो कोपनहेगनहून. आत खिडकीच्या काचा, पडदे, लाकडी जमीन. १९१० च्या सुमारासही देशातल्या जवळपास निम्म्या राहत्या वास्तू गवताच्या लाद्यांच्याच होत्या हे लक्षात घेतलं, की पडद्याआडून दिसणाऱ्या दिव्याचा गावावर काय परिणाम होत असेल ते कळतं. ईसाफ्योर्दूरला अशा अठराव्या शतकातल्या चार व्यापारी इमारतींचा समूह अजून टिकून आहे. लहान, काळसर, खाली वाकलेल्या दिसतात त्या. एवढ्याशा लाकडाच्या खोक्यांत एका गावाचं राजकारण मावत होतं यावर पटकन विश्वास बसत नाही.

घरातली भाषाही आयात केलेली. डॅनिश बोलता येणं, निदान वाक्यात चार डॅनिश शब्द पेरणं, हे वरच्या थराचं लक्षण. आइसलँडचं स्वतःचं विद्यापीठ १९११ मध्ये निघालं. तोवर मुलगे वकिली वा वैद्यकी शिकायला कोपनहेगनला जात. मुलींसाठी रेक्याविकला १८७४ पासून एक शाळा होती, पण घराण्याला खरी झळाळी यायची ती मुलगी डेन्मार्कला राहून भरतकाम, स्वयंपाक आणि चारचौघांत वागण्याची रीत शिकून आली म्हणजे. चित्रपटातल्या धाकटीला याच कारणासाठी धाडतात, आणि घराची प्रतिष्ठा वाढवायला केलेली गुंतवणूकच घराच्या अंगावर उलटते. लाक्सनेस यांचा तिरकस स्वभाव इथे बरोबर दिसतो.

एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाच्या लक्षात येणार नाही. आइसलँडला समुद्राखालून तार आली १९०६ मध्ये. त्याआधी बाहेरची प्रत्येक बातमी जहाजाने, दिवसच्या दिवस प्रवास करून यायची. हिवाळ्यात तर जहाजंही मोजकीच. त्यामुळे कोपनहेगनमध्ये काय घडलं हे गावाला कधी, कुणाकडून आणि कोणत्या रूपात कळेल हे ज्याच्या हातात पत्र पडेल तो ठरवणार. गावातल्या घरांचं एकमेकांपासून काहीच लपत नसे, पण समुद्रापलीकडचं लपवता येत होतं. थोरल्या बहिणीची सगळी कारवाई या उशिरावर उभी आहे. पन्नास वर्षांनंतर ती जमलीच नसती.

आणि ती हे का करते? तिला खलनायिका म्हणून मोकळं होणं सोपं, पण मला ती फार वेगळी वाटते. त्या काळच्या कायद्यात बाईच्या वाट्याला होतं तरी काय? १९११ मध्ये शिक्षणाचा आणि सरकारी पदांचा समान हक्क मिळाला, १९१५ मध्ये संसदेसाठी मताधिकार, तोही आधी फक्त चाळिशी ओलांडलेल्या बायकांना. कथेच्या काळात यातलं काहीच नव्हतं. व्यापाराच्या चोपडीवर सही पुरुषाची, चर्चच्या व्यासपीठावर पुरुष. बाईच्या ताब्यातलं एकमेव खातं म्हणजे घराची अब्रू, आणि थोरली ते खातं एखाद्या कसलेल्या मुनिमासारखं सांभाळते. त्यात धाकटीचं आयुष्य तिने खर्ची टाकलं, हा तिचा गुन्हा खराच. पण हे खातं तिच्या गळ्यात कोणी बांधलं हेही चित्रपट विसरू देत नाही. थोरलीचं काम केलं आहे तिन्ना गुन्लॉग्सडोत्तिर यांनी, ज्या पुढे आइसलँडच्या राष्ट्रीय रंगभूमीच्या प्रमुख झाल्या. धाकटी आहे राग्नहिल्डुर गीस्लाडोत्तिर, तिथली गाजलेली पॉप गायिका. देशातल्या पहिल्याच एद्दा पुरस्कारांत, त्याच १९९९ साली, हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

गंमत म्हणजे ज्या बायकांकडे राखायला असं खातं नव्हतं, त्या जास्त मोकळेपणाने लढल्या. रेक्याविकजवळच्या हाफ्नारफ्योर्दूर बंदरात १९१२ साली मासा धुणाऱ्या-वाळवणाऱ्या बायकांनी मजुरीसाठी संप केला. दोन वर्षांनी रेक्याविकमध्ये कामगार स्त्रियांची संघटना उभी राहिली, कामगारांच्या देशव्यापी महासंघाच्याही दोन वर्षं आधी. लाक्सनेस यांना ही दुसऱ्या प्रकारची बाई आधी सुचली होती. १९२७ ते १९२९ ते अमेरिकेत होते, हॉलिवूडमध्ये पटकथा विकायच्या खटपटीत. त्यातली एक पटकथा मासेमारीच्या गावातल्या, पुरुषांसारखी पँट घालणाऱ्या मुलीची होती. चित्रपट झाला नाही. परत येऊन त्यांनी त्याच मुलीवर १९३१-३२ मध्ये ‘साल्का वाल्का’ ही कादंबरी लिहिली, आणि १९५४ मध्ये स्वीडनच्या आर्ने मॅटसन यांनी तिच्यावर चित्रपट केला. छायाचित्रण होतं स्वेन निक्विस्ट यांचं, जे पुढे दिग्दर्शक बर्गमनबरोबरच्या कामासाठी जगभर नावाजले गेले. पुढच्या वर्षी लाक्सनेस यांना नोबेल मिळालं. साल्का ही अनौरस मुलगी. मासे धुते, हक्काचे पैसे रोख मागते आणि कुणाच्या अब्रूची पर्वा करत नाही. गुणी कुमारी आणि साल्का या एकाच किनाऱ्यावरच्या दोन बाजू आहेत. लाक्सनेस यांनी दोन्ही लिहिल्या, अवघ्या एकदोन वर्षांच्या अंतराने.

१९९९ च्या प्रेक्षकांसाठी हा सगळा काळ किती लांब गेला होता ते पाहा. १९८० मध्ये आइसलँडने विगदिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. घटस्फोटित, एकट्याने मुलगी दत्तक घेतलेली बाई. त्या चार मुदती, सोळा वर्षं, त्या पदावर होत्या. आज तिथे निम्म्याहून बरीच अधिक मुलं लग्नाबाहेर जन्मतात आणि कुणी भुवईही उंचावत नाही. चित्रपट पाहताना तिथल्या तरुण मुलींना पाद्र्याच्या घरातली घालमेल म्हणजे परग्रहावरची गोष्ट वाटली असेल.

पहिलं घर मात्र त्यांच्या ओळखीचं असणार. १९८४ पासून आइसलँडने मासेमारीचे कोटे वाटले, आणि १९९० च्या कायद्याने ते सर्रास विकता-विकत घेता येऊ लागले. समुद्रातला मासा पकडण्याचा हक्क हीच मालमत्ता झाली. काही गावांत ती एकदोन कुटुंबांच्या हाती एकवटली, काही गावांतून कोटा विकला गेला आणि बंदरं ओस पडली. २००२ मध्ये बाल्तासार कोर्माकुर यांनी यावर ‘हाफिद’ म्हणजे ‘समुद्र’ हा चित्रपट केला. पूर्वेकडच्या नेस्कौप्स्तादूर गावात चित्रित झालेला. म्हातारा मासेमारी-मालक, त्याची मुलं, आणि कोटा विकायचा की राखायचा यावरून घरात पेटलेली भांडणं. काळ आजचा. ‘उंगफ्रूइन गोदा’ पाहिल्यावर लगोलग हा पाहावा, शक्यतो त्याच आठवड्यात.